थेरपीनं बाळाला खरंच फायदा होतोय का, हे कसं मोजायचं? नागपुरात नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

विकासात मागे पडणाऱ्या लहान बाळांना थेरपी देणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून महिन्याच्या शेवटी जो अहवाल वर जातो, त्यात साधारण हेच असतं: किती बाळं तपासली, किती नवी नोंदवली, फिजिओची किती सत्रं झाली, स्पीचची किती. हे आकडे लागतातच. पण बाळाला फायदा झाला का, हे त्यातून कधीच कळत नाही. वर्षभर एकही सत्र न चुकवता आलेल्या बाळाचं घरचं जेवण, बसणं, मागणं जिथल्या तिथं असू शकतं. "रोज येतो जी आम्ही, पण पोरगा घरी तसाच रायते," असं एखादी आई म्हणते तेव्हा रजिस्टरात मात्र शंभर टक्के हजेरी असते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत ही तफावत फार महाग पडते. मेंदू ज्या वेगानं या वयात घडतो, तो वेग पुढे मिळत नाही. उपयोग नसलेल्या व्यायामात गेलेले सहा महिने कोणी परत देऊ शकत नाही.

म्हणून डीईआयसीत (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात), मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागात, सीआरसीत (दिव्यांगांच्या पुनर्वसन केंद्रात) किंवा एखाद्या संस्थेत नव्यानं रुजू झालेले थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्यासाठी हे लिहितो आहे. पालकांनीही वाचावं. केंद्रात काय विचारायचं, ते त्यांना इथून कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब या चार गोष्टींसाठी फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि ज्यांना गरज आहे त्यांना जिल्हा केंद्रात, म्हणजे डीईआयसीत पाठवतात. मूल शोधायची व्यवस्था अशी बरीच बांधलेली आहे. शोधल्यानंतर काय साधलं, याची मोजणी मात्र बहुतेक आपल्यावरच, म्हणजे केंद्रातल्या माणसांवर सोपवलेली आहे.

अमेरिकेत १९८६च्या कायद्यानं जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अशी सेवा सुरू झाली. तिथल्या राज्यांना आज फक्त सत्रं मोजून चालत नाही. मूल सेवेत आलं तेव्हा कसं होतं आणि बाहेर पडलं तेव्हा कसं होतं, हे सरकारला कळवावं लागतं. त्यासाठी ते तीन गोष्टी पाहतात: मूल माणसांशी कसं जोडलं जातं, नवं कसं शिकतं आणि वापरतं, आणि आपली गरज भागवण्यासाठी काय करतं. यात आजाराचं नाव कुठेच नाही. सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालीत येणारी अडचण) असो, डाऊन सिंड्रोम असो की ऐकू न येणं असो, तिन्ही प्रश्न लागू पडतात. आपल्याकडे हे बंधन नाही, पण हे तीन प्रश्न उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

पहिली पायरी: वय नीट लिहा

हे किरकोळ वाटतं, पण सगळं गणित इथे बिघडतं. एसएनसीयूतून (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातून) आलेली बरीच बाळं अपुऱ्या दिवसांची असतात. ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ आज १० महिन्यांचं असेल, तर ते ८ आठवडे लवकर आलंय, म्हणून त्याचं सुधारित वय ८ महिने. विकास याच वयाशी ताडून पाहायचा, साधारण दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत. एका तपासणीत जन्मवय आणि पुढच्या तपासणीत सुधारित वय धरलं, तर बाळानं काही न करताच कागदावर प्रगती दिसते. फाइलच्या पहिल्या पानावर दोन्ही वयं लिहा आणि कुठलं वापरलं तेही लिहा.

दुसरी पायरी: थेरपीला हात लावण्याआधी बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची मोजणी

रांग मोठी असते, आई तालुक्याहून आलेली असते, तेव्हा "आज व्यायाम दाखवून देऊ, तपासणी पुढच्या वेळी" असं होतं. मग पुढच्या वेळी जे मोजाल ती सुरुवात नसते. पहिली भेट मोजणीचीच ठेवा. त्या दिवशी आईला घरी करायची एक सोपी गोष्ट जरूर सांगा, पण आकडे आधी.

साधनं दोन प्रकारची आहेत आणि नवखी माणसं नेमकी तीच एकमेकांत मिसळतात. त्रिवेंद्रमचा विकास तपासणीचा टीडीएससी तक्ता १७ बाबींचा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि कामापुरता पटकन होतो. तो चाळणीचा तक्ता आहे. मुलाला पुढे सविस्तर तपासायला हवं का, एवढंच तो सांगतो. सहा महिन्यांत किती फरक पडला, हे त्यातून काढायला जाऊ नका, तेवढा बारकावा त्यात नाही. त्यासाठी डीएएसआयआयसारखी सविस्तर चाचणी लागते. भारतीय मुलांवर बेतलेली ही चाचणी ३० महिन्यांपर्यंतच्या वयासाठी आहे. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत, आणि ती प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनंच करायची असते. तुम्ही प्रशिक्षित नसाल तर ज्या केंद्रात ती होते तिथे पाठवा, अंदाजानं भरू नका.

सीपीच्या मुलांच्या फाइलवर जीएमएफसीएसची, म्हणजे हालचालीच्या क्षमतेची, १ ते ५ पैकी एक पातळी लिहिलेली दिसेल. ते वर्गीकरण आहे, गुणपत्रिका नव्हे. पातळी ४ वर्षभरानंतरही ४च राहिली म्हणून थेरपी वाया गेली, असं समजू नका आणि आईला तर मुळीच तसं सांगू नका. हालचालीतला बदल पाहायचा तर जीएमएफएम ही हालचाली मोजणारी चाचणी आहे.

बेसलाइनची वेळही जपा. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात, एसटीतून उतरून, तासभर रांगेत बसलेलं बाळ दुपारी एक वाजता काय करून दाखवणार? ते रडतं, झोपतं, गुण कमी पडतात. मग ऑगस्टमध्ये आपण त्याची प्रगती लिहितो, आणि तिच्यातला निम्मा भाग ऊन उतरल्याचा असतो. उन्हाळ्यात तपासणी सकाळी पहिल्या तासात ठेवा. बाळ खाऊन-पिऊन, झोप होऊन आलेलं हवं. तसं नसेल तर "आज बाळ थकलेलं होतं" ही नोंद गुणांशेजारी करा.

भाषेचंही तसंच. नागपुरात येणारी सगळी कुटुंबं प्रमाण मराठी बोलत नाहीत. छिंदवाडा, बालाघाटकडून येणाऱ्यांची हिंदी, रामटेक-देवलापारकडच्या काही घरांत गोंडी, आणि शहरात दोन्ही भाषांची सरमिसळ. "चेंडू दे" याला प्रतिसाद न देणारं बाळ "गेंद" म्हटल्यावर हात पुढे करतं, हे इथे नेहमीचं आहे. घरी कुठला शब्द वापरता ते आधी विचारून घ्या. वस्तूही ओळखीच्या असाव्यात. दोरी धरून ओढायच्या खेळण्याऐवजी तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल ठेवला, तर बऱ्याच बाळांना काय करायचं ते सांगावं लागत नाही. मात्र प्रमाणित चाचणीत दिलेलं साहित्य बदलायचं नाही. ही मोकळीक निरीक्षणासाठी आहे.

तिसरी पायरी: घरचा दिवस ऐकून घ्या

माझ्या मते सगळ्या मोजणीत हाच भाग सर्वांत मोलाचा, आणि हाच सर्वांत आधी गाळला जातो. चाचणी सांगते की बाळ टेबलावर काय करू शकतं. बाळ जगतं मात्र घरी. म्हणून सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय होतं, ते आईला, आजीला, जो सांभाळतो त्याला विचारा. अर्धा तास लागतो. तो काढा.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "जेवतो का नीट?" याला "हो" हेच उत्तर येतं. "काल दुपारी काय जेवला? कुठे बसला होता? वाटी कोणी धरली होती? पोटभर झालं हे त्यानं कसं सांगितलं?" असं विचारलं की चित्र दिसायला लागतं. आई सांगते की पाय लांब करून, त्याला मांडीवर आडवं घेऊन वरण-भात भरवते, कारण बसवलं की मान एका बाजूला जाते. घास गिळायला वेळ लागतो, एका जेवणाला पाऊण तास जातो, तोवर मोठ्या लेकराची शाळेची वेळ होते. एवढ्या सांगण्यात मानेचा तोल, गिळणं, जेवताना बसायची जागा आणि आईचा वेळ, सगळं आलं. "बोलतो का?" ऐवजी "तहान लागली की काय करतो?" हे विचारा. रडतो, माठाकडे पाहतो, आईचा पदर ओढतो, की "मम" म्हणतो, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत.

ऐकलेलं वर सांगितलेल्या तीन प्रश्नांखाली मांडा. अमेरिकेत प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ असा अंक देतात. ७ म्हणजे रोजच्या सगळ्या प्रसंगांत वयानुसार अपेक्षित वागणं, १ म्हणजे त्यापासून खूप दूर. अंक एकटा माणूस देत नाही. फिजिओ, स्पीच, विशेष शिक्षक आणि पालक यांची माहिती एकत्र मांडून, बोलून एकमतानं ठरवतात. आपल्याकडेही तसंच करा. आईचं म्हणणं आणि तुमचं निरीक्षण जुळलं नाही, तर बहुतेक वेळा दोन्ही खरी असतात. बाळ घरी एक करतं, परक्या खोलीत दुसरं.

चौथी पायरी: ध्येय असं लिहा की शेजारणीलाही मोजता यावं

"स्नायूंची ताकद वाढवणे", "संवाद सुधारणे" ही वाक्यं फाइलीत शेकड्यांनी सापडतात. त्यांची मोजणी होऊच शकत नाही. ध्येय घरच्या दिवसातून आलं पाहिजे आणि आईला ते हवं असलं पाहिजे.

१९६८ साली किरेसुक आणि शर्मन यांनी मांडलेली ध्येय-मापनाची पाच पायऱ्यांची पद्धत लहान मुलांच्या कामात फार उपयोगी पडते. समजा, कळमेश्वरकडचं सुधारित वयानं १८ महिन्यांचं बाळ आहे आणि आईला वाटतं की त्यानं थोडं तरी आपल्या हातानं खावं. तीन महिन्यांची मुदत ठरवली. कॉर्नर चेअरमध्ये (पाठीला आणि बाजूंना आधार देणाऱ्या खुर्चीत) बसवून दुपारच्या जेवणात जाड दांड्याच्या चमच्यानं स्वतः एकही घास घेत नाही, ही आजची स्थिती, म्हणजे उणे २. एक-दोन घास घेतले तर उणे १. पाचेक घास घेतले तर ०, म्हणजे जेवढं अपेक्षित होतं तेवढं झालं. अर्धं जेवण स्वतः खाल्लं तर अधिक १, बहुतेक सगळं खाल्लं तर अधिक २. लक्षात घ्या, सगळ्या पायऱ्यांत खुर्ची तीच, चमचा तोच, जेवणाची वेळ तीच. बदलते ती फक्त घासांची संख्या. एकाच पायरीत खुर्चीही काढली, चमचाही बदलला आणि घासही वाढवले, तर नंतर कशामुळे काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही.

एका बाळासाठी अशी दोन किंवा तीन ध्येयं पुरेत. दहा लिहिलीत तर एकाचाही सराव होणार नाही. आणि सगळेच जण ० गाठू लागले तर आनंद मानण्याआधी ध्येयं फार सोपी लिहिली का, ते पाहा.

पाचवी पायरी: पुन्हा मोजा, पण स्वतःचंच काम स्वतः मोजू नका

ध्येयं दर तीन महिन्यांनी, सविस्तर चाचणी सहा महिन्यांनी. ज्यानं थेरपी दिली त्यालाच गुण द्यायला लावलं तर हात थोडा सैल सुटतोच. यात लबाडी नसते, जीव लागलेला असतो. म्हणून सहकाऱ्याकडून मोजून घ्या आणि त्याच्या बाळांची मोजणी तुम्ही करा. लहान केंद्रात दोनच माणसं असली तरी हे जमतं.

मोबाइलवरचा एक मिनिटाचा व्हिडिओ हा सर्वांत स्वस्त आणि बोलका पुरावा. दर तीन महिन्यांनी तोच प्रसंग, तोच कोन, तीच खुर्ची. नवीन माणूस नेमका इथे चुकतो, दर वेळी बाळाचा "चांगला क्षण" टिपत बसतो. पहिलं मिनिट जसं असेल तसं घ्या. पालकांची लेखी संमती हवी, आणि हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात, स्टेटसवर किंवा देणगीदारांच्या पत्रकात जाता कामा नये. बाळाची लाज बाळाच्या वतीनं आपण राखायची असते.

सहावी पायरी: आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

बाळ जे करतं ते साधारणपणे ज्या वयात मुलं करतात, ते त्याचं विकासाचं वय. विकासाचं वय भागिले खरं वय (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं सुधारित वय) गुणिले १०० म्हणजे डीक्यू, विकासाचा निर्देशांक. ७०च्या खाली गेलं की विलंब मानतात. आता आपलं १८ महिन्यांचं बाळ घ्या. त्याचं विकासाचं वय ९ महिने, डीक्यू ५०. सहा महिन्यांनी ते २४ महिन्यांचं झालं, विकासाचं वय १३ महिने, डीक्यू ५४. पन्नासाचे चोपन्न. आई-वडिलांचा चेहरा पडतो.

आता वेग पाहा. सेवेत येण्याआधी १८ महिन्यांत ९ महिन्यांचा विकास झाला होता, म्हणजे दर महिन्याला अर्धा महिना. सेवेत आल्यावर ६ महिन्यांत ४ महिन्यांचा, म्हणजे दर महिन्याला ०.६७. दोन्ही वेगांचं गुणोत्तर १.३३. एकाच्या वर म्हणजे वेग वाढला. डीक्यूच्या मागे दडलेली ही वाढ पालकांना कागदावर आखून दाखवा.

याच्या उलटही होतं. १२ महिन्यांचं असताना ६ महिन्यांचा विकास, २४ महिन्यांचं झाल्यावर ११ महिन्यांचा. डीक्यू ५० वरून ४६. बाळ मागे गेलं का? नाही, ते वर्षभरात पाच महिन्यांचं शिकलं. पण आधीपेक्षा हळू शिकलं, आणि सोबतच्या मुलांपासूनचं अंतर वाढलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. म्हणून बाळाची प्रगती "आहे" किंवा "नाही" अशी न लिहिता पाच प्रकारांत लिहावी: काहीच बदल नाही, शिकलं पण बरोबरीच्या मुलांच्या जवळ गेलं नाही, जवळ गेलं पण गाठलं नाही, बरोबरीला आलं, आणि आधीपासून बरोबरीला होतं ते तसंच टिकलं.

वेगाच्या गुणोत्तरावर फार भार टाकू नका. विकास सरळ रेषेत होतो असं ते धरून चालतं, आणि बाळं तशी वाढत नाहीत. सहा महिन्यांपेक्षा कमी अंतरावर तर ते काढूच नका, एका महिन्याची चूकही ते केवढं तरी फिरवते. शिवाय वेग वाढला तो आपल्यामुळेच, हेही त्यातून सिद्ध होत नाही. फिट्सचं औषध लागू पडलं असेल, श्रवणयंत्र बसलं असेल, आजी गावाहून राहायला आली असेल. त्या काळात घरात आणि औषधांत काय बदललं ते फाइलीत लिहा.

एक गोष्ट मात्र पुढच्या तपासणीपर्यंत थांबायची नाही. बाळ जे करत होतं ते करेनासं झालं, बोललेले शब्द गेले, नजर देणं थांबलं, अंग झटके देऊन आकसू लागलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवा. आणि काही आजार वाढत जाणारे असतात. तिथे आहे ते टिकवणं, छातीचे संसर्ग कमी होणं, बाळाला वेदनेविना झोप लागणं हेच यश असतं. अशा बाळाला डीक्यूच्या फुटपट्टीनं मोजणं अन्यायाचं आहे.

सातवी पायरी: घर किती सक्षम झालं?

आठवड्यातून दोनदा पाऊण तास तुम्ही, बाकीचा सगळा वेळ घर. म्हणून कुटुंबात काय बदललं ते मोजल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही. बाळाला काय हवं ते घरच्यांना कळतं का, डॉक्टरांसमोर त्याची गरज सांगता येते का, हक्क माहीत आहेत का, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), निरामय आरोग्य विमा? सहा महिन्यांनी हेच पुन्हा विचारा. "व्यायाम करता का?" असं विचारू नका, सगळ्या "हो" म्हणतात. "दाखवा बरं, घरी कसं बसवता?" असं म्हणा. आईचे हात खरं सांगतात. ती चुकत असेल तर शिकवण्यात आपण कमी पडलो, असं धरून चला.

आठवी पायरी: जी आली नाहीत त्यांना मोजा

वर्षाच्या शेवटी जी बाळं टिकली त्यांचीच सरासरी काढली, तर केंद्र नेहमीच छान दिसतं. जी येऊ शकली नाहीत ती बहुधा जास्त लांबची, जास्त गरीब, जास्त गंभीर असतात. काटोल-नरखेडला संत्र्याची तोडणी, वेचणीचा हंगाम, वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब, पावसाळ्यात तुटलेला रस्ता. प्रत्येक गळालेल्या बाळापुढे कारण लिहा. आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला फोन केला तर बहुतेक कळतं. सहा बाळं एकाच भागातून गळाली असतील तर तिथे महिन्यातून एक दिवस आपणच गेलं पाहिजे, हे त्या कारणांच्या रकान्यातून दिसतं.

त्याच तक्त्यात तारखा ठेवा: घरच्यांना शंका कधी आली, केंद्रात कधी पाठवलं, पहिली थेरपी कधी झाली. ऐकण्याच्या बाबतीत जगभर १-३-६ हा नियम मानतात: वयाच्या एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचाराची सुरुवात. आपली बाळं त्यापासून किती दूर आहेत ते लिहिलं, की बेराच्या (ऐकण्याच्या तपासणीच्या) तारखेसाठी भांडायला हातात कागद असतो.

केंद्राचा एकत्रित अहवाल करताना बाळं थोडी असतील तर टक्के लिहू नका. "९ पैकी ५" हेच प्रामाणिक. निदानं आणि येण्याच्या वेळचं वय वेगवेगळं मांडा. सहा महिन्यांची आलेली आणि अडीच वर्षांची आलेली बाळं एका ओळीत बसत नाहीत.

तीन वर्षं पूर्ण होताना

शेवटची मोजणी बाळ जाण्याच्या आधी करा. गेल्यावर ते सापडत नाही. तीन प्रश्नांवर सुरुवातीला कसं होतं आणि आता कसं आहे, कुठली खुर्ची, कुठला चमचा, कुठले शब्द चालतात, फिट आली तर काय करायचं, एवढं एका पानावर सोप्या मराठीत किंवा हिंदीत लिहा. एक प्रत पालकांना, एक अंगणवाडीत किंवा बालवाडीत. सहा महिन्यांनी त्या अंगणवाडीच्या ताईंना फोन लावा आणि विचारा: बाळ रोज येतं का, इतर मुलांमध्ये बसतं का, तहान लागली की काय करतं. त्यांचं उत्तर तारखेसह त्याच फाइलीत लिहून घ्या.